आऱ्याचा बुधवार

वखारीत सगळे त्यांना कानसमामा म्हणत. कानस हे त्यांचं हत्यार होतं आणि जीभही त्याच जातीची होती, त्यामुळे हे नाव कुणी ठेवलं याची चौकशी कधी झाली नाही. आऱ्याला धार लावणं हे त्यांचं काम. आरा म्हणजे दोन मोठ्या चाकांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. ओंडका त्याच्यापुढे सरकवायचा, पलीकडून फळ्या निघतात. दात बोथट झाले की आरा कापत नाही, रेटत राहतो. मग तापतो, ओंडक्यात अडकतो आणि एखाद्या वेळी तुटून सुटतो. सुटलेला पट्टा कुठे जाईल ते त्याचं त्यालाच माहीत.

मामा मालकाला सांगून थकले होते. आठवड्यातून एक दिवस आरा बंद ठेवा, पट्टा खाली उतरवू द्या, उजेडात बसून धार लावू द्या. मालक वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त बंद आरा बघवत नसे. जेवणाच्या सुट्टीत काय ती कानस फिरवून घ्या, असं तो म्हणायचा. मामांनी त्याला ऐकवलं की गरम पट्ट्यावर घाईघाईने कानस फिरवणं म्हणजे पळत्या माणसाची दाढी करणं. मालक हसला. बाकीचेही हसले. आरा चालूच राहिला.

मग एकदा पट्टा अडकून उसळला आणि ओंडके सरकवणाऱ्या माणसाची बोटं गेली. जमिनीवर ताजा भुसा टाकला, तो ओला झाला तेव्हा त्यावर आणखी टाकला, आणि दुपारनंतर आरा पुन्हा सुरू झाला. संध्याकाळी नळावर हात धुताना मामा म्हणाले, "पुन्हा बुधवारच."

पुन्हा म्हणजे, असं कुणीतरी विचारलं. मामा म्हणाले, त्या डोळा गेलेल्याचं आठवून बघा. मागे एका कामगाराचा आऱ्यावर डोळा गेला होता हे खरं, पण कोणत्या वारी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनाही नव्हतं. नळ वाहत होता. मग ट्रक भरणारा म्हणाला की बुधवारच होता, कारण आदल्या दिवशी त्याची बहीण आली होती. दुसऱ्याला आठवलं की छपराचा पत्रा उडाला तोही बुधवारी. मामांनी नुसता वार पुढे केला होता. आठवणी ज्याने त्याने आपापल्या घरून आणल्या.

बुधवार सोयीचाही होता. ओंडक्यांचे ट्रक सोमवारी आणि गुरुवारी येत, त्यामुळे बुधवारी आवारात माल कमी असे. आरा त्या दिवशी थांबला तर मालकाचं नुकसान सगळ्यात थोडं. एवढा हिशेब मामांनी केला होता. माणसांच्या हातात आपण काय देतो आहोत याचा केला नव्हता.

धारेचं म्हणणं मालकाला कधी पटलं नव्हतं, बुधवार मात्र लगेच पटला. हे सगळं आपल्यालाच सुचल्यासारखं त्याने एक दिवस जाहीर केलं की बुधवारी आरा बंद, मामांनी बसून काय ते दात घासावेत. मामा मान खाली घालून बरं म्हणाले. हसू लपवायला त्यांना बिडी पेटवावी लागली.

त्यानंतर दर बुधवारी पट्टा खाली उतरे. पट्ट्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे झुकलेले असतात. मामा आधी डावीकडचे सगळे घासत, मग पट्टा उलटवून उजवीकडचे. अपघात थांबले, थांबणारच होते. पण माणसांना दिसला तो बुधवार. बुधवार पाळला म्हणून आपण धड आहोत, हे त्यांच्या अंगात मुरलं. वखारीतल्या माणसांच्या घरांमधून बुधवारी कुणी खोली बदलीना, नवीन चप्पल पायात घालीना. मामांच्या बायकोने बुधवारी माहेरी जाणं सोडलं. मामा तिला हसायचे. मग एका बुधवारी ते स्वतःच्या घराच्या पायरीवरून घसरले, आणि जमिनीवर पोचायच्या आत त्यांच्या मनात बुधवार येऊन गेला. आपणच पाळलेलं कुत्रं आपल्यावर भुंकावं तसा त्यांना राग आला. पण पुढे त्या पायरीवरून बुधवारी ते जरा जपूनच उतरू लागले.

वखारीत आरा चालवणारा तरुण हातचा नेमका होता. मामांनी आपली मुलगी त्याला दिली. तो आधीपासून इतरांसारखाच त्यांना मामा म्हणत असे, त्यामुळे जावई झाल्यावर त्याला हाक बदलावी लागली नाही.

वर्षं गेली. नवी माणसं आली. त्यांनी तुटलेली बोटं पाहिली नव्हती, फक्त बुधवार ऐकला होता. ज्या दिवशी आऱ्याकडे बघूही नये, त्याच दिवशी हा म्हातारा त्याला उतरवून त्याचे दात खरवडतो, हे त्यांना खुपू लागलं. एका बुधवारी कानशीचा आवाज चालू असताना कुणाचा तरी अंगठा दारात चेमटला. झालं. ते मालकाकडे गेले. मालक आता म्हातारा झाला होता आणि वयाबरोबर त्याची भीतीही पिकली होती. बुधवारी आऱ्याला कुणाचाच हात नको, असं तो म्हणाला. मामांचाही नको. आणि धार? जेवणाच्या सुट्टीत.

हळूहळू आऱ्याचा आवाज जड होत गेला. इतरांना तो रोजचाच वाटत होता. मामांची झोप गेली, कारण त्या आवाजाच्या सगळ्यात जवळ जावई उभा असे. एका रविवारी ते लेकीच्या घरी गेले आणि जावयासमोर बसून म्हणाले, "बुधवार मी काढला. माझ्या डोक्यातून. पट्टा उतरवायला दिवस मिळावा म्हणून."

जावई हसला. "मामा, तुम्ही काय काय काढाल!"

"खोटं नाही सांगत."

"बरं, तुम्ही काढला. मग इतकी वर्षं आऱ्यावर कुणाला खरचटलंसुद्धा नाही, ते कुणी केलं?"

"कानशीने."

जावयाने खरोखर विचार केला. मग समजुतीच्या सुरात तो म्हणाला, "कानस तर आताही फिरते की रोज. तुम्हाला बसून काम करायला एक दिवस हवाय, कळतं मला. वय झालं. पण त्यापायी त्या दिवसाची चेष्टा नको. आऱ्यासमोर मी उभा असतो, तुम्ही नाही."

आतून मुलगी म्हणाली, "बाबा, असलं बोलणं माझ्या घरात नको."

तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. नवरा संध्याकाळी दोन्ही हातांनिशी घरी येतो याला तिच्याजवळ एक कारण होतं, आणि बाप तेच काढून घ्यायला आला होता.

पुढच्या बुधवारी मामा मागच्या कुंपणातून वखारीत शिरले. एकट्याने पट्टा उतरवणं जमणारं नव्हतं. तो चाकांवरच ठेवून, हाताने थोडा थोडा पुढे ओढत, ते डावीकडचे दात घासत राहिले. दुपार कलली तेव्हा डावी बाजू पुरी झाली होती. उजवीकडचा पहिला दात त्यांनी हाताशी घेतला आणि वॉचमन दोन हमालांना घेऊन आला.

त्यांनी मारलं नाही. एकाने दंड धरला, दुसऱ्याने कानस काढून घेतली. मामांनी त्यांना समजावलं. एका बाजूला धार आहे, दुसरीला नाही, असा आरा सरळ जात नाही, धारेच्या बाजूला ओढतो. यापेक्षा दोन्हीकडून बोथट होता तो बरा होता. आता एकतर मला पुरं करू द्या, नाहीतर आरा चालवू नका. वॉचमन म्हणाला, आज आऱ्याला हात लावणाऱ्याने आम्हाला शिकवू नये. मामा तिथून मालकाच्या घरी गेले. मालक भेटला नाही. बुधवारी तो कुणालाच भेटत नसे.

मग ते जावयाकडे गेले. बुधवारी हात लावल्याचं ऐकून जावयाचा चेहराच उतरला. डाव्या-उजव्या दातांचं पुढचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही. उद्या मालकाच्या कानावर घालतो, एवढंच तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी मामांना फाटकाच्या आत घेतलं नाही. आत माणसं आऱ्यापासून लांब उभी होती. ओंडक्यांचे ट्रक येऊन थांबले होते. मालक आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, बुधवार संपला ना? मग चालवा. या म्हणण्यात कुणालाच खोट काढता आली नाही. गुरुवारी आजवर कधी काही झालं नव्हतं.

मामा बाहेर गजांना धरून ऐकत होते. बारीक ओंडके निघून गेले. मग जाड लावला. आरा त्यात शिरला आणि डावीकडे ओढू लागला, ते मामांना आवाजावरून कळलं. ते ओरडले. फाटकाजवळच्या दोघांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं, तेवढ्यात पट्टा तुटला.

जावयाचा डावा हात कोपराखाली राहिला नाही.

दवाखान्यात खाटांच्या दोन रांगा होत्या आणि मधल्या वाटेवर फिनेलचा वास. मुलगी खाटेच्या कडेला बसली होती. मामा जवळ गेले तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "काल तुम्ही आऱ्याला हात लावला होतात का?"

मामांजवळ उत्तर होतं. त्यात मालक होता, जेवणाच्या सुट्ट्या होत्या, काढून घेतलेली कानस होती, एका बाजूचे धारदार आणि दुसऱ्या बाजूचे बोथट दात होते. सगळं खरं होतं आणि फार लांबलचक होतं. शिवाय कुठूनही सुरुवात केली तरी ते फिरून एकाच जागी येत होतं. त्यांनी बुधवारी हात लावला नसता, तर गुरुवारी आरा डावीकडे गेला नसता.

"हो," ते म्हणाले.

मुलीने मान हलवली. तिला हवं ते मिळालं होतं, आणि त्याने तिला थोडं बरं वाटलेलं मामांना स्पष्ट दिसलं. तिने नवऱ्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

"भेटायला या तुम्ही," ती म्हणाली. "मी नको म्हणत नाही. फक्त बुधवारी येऊ नका."

मामा बरं म्हणाले. आणि बुधवारी ते खरंच कधी गेले नाहीत.