मोठेबाबांची जागा

ताईच्या लग्नाची पत्रिका छापायची नाही, वेबपेज करायचं, हा हट्ट माझा. यवतमाळात बसून मी लोकांच्या दुकानांची पेजं करते, मग घरच्या लग्नात मागं कशाला राहू? निमंत्रकांचे पाच फोटो एका ओळीत मांडले. बाबा, तिघे काका आणि मधोमध मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्याकडे फोटोत वडीलधारा माणूस मध्येच बसतो. लॅपटॉपवर ओळ झकास दिसली आणि मी लिंक सगळ्यांना पाठवून मोकळी झाले.

आमच्या खानदानात लॅपटॉप फक्त माझ्याकडे आहे, बाकी सगळे फोनवरच बघणार, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

मग मारेगावहून मोठेबाबांचा फोन आला. “लग्नाले येऊ, पन हळदीले जमनार नाही. कापूस वेचनं चालू हाये.” बाबा जेवता जेवता उठले. पुतणीची हळद सोडून कापूस धरून बसणारा तो माणूस नव्हे. बाबा कॉलेजात होते तेव्हा मोठेबाबांनी एकट्यानं शेती ओढली, म्हणून बाबा पुढे कचेरीत खुर्चीवर बसले. पेजवरच काही खटकलं असेल म्हणून मी ते बाबांच्या फोनवर उघडलं. अरुंद पडद्यावर ओळ दोन-दोन फोटोंत तुटली होती. वर दोघे धाकटे काका, आणि मोठेबाबा त्यांच्या खाली.

“आता त्याले काय सांगू?” बाबा म्हणाले. “पेज बिघडलं म्हनून?”

तोवर फ्लेक्स म्हणजे पेजच्या कोडमधली, चौकटी ओळीत बसवायची एक सोय, एवढंच माझ्या लेखी होतं. त्या दुपारी ते मी पहिल्यांदा नीट वाचलं. फोटो फाईलमध्ये जिथले तिथेच राहतात. पडदा अरुंद झाला की कोणी आधी यायचं आणि कोणी किती जागा घ्यायची, एवढं सांगून ठेवलं की झालं. मी सांगितलं, अरुंद पडद्यावर मोठेबाबा सगळ्यांच्या आधी, पूर्ण रुंदीत. खिडकी ओढून लहान केली, तर ते वर येऊन बसले. मोठी केली, तर पुन्हा मधोमध. मी कितीतरी वेळ नुसती खिडकी ओढत बसले. रोज हेच काम करते, तरी अंगावर काटा आला. हे ज्यानं कुणी आखलं त्याला आमचे मोठेबाबा कुठून ठाऊक असणार? तरी त्यांचा मान राखायची सोय त्यानं करून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी एसटीनं मारेगावला गेलो. लॅपटॉपही घेतला होता. मोठेबाबांनी फोन हातात घेतला आणि सगळ्यांच्या वर आपला फोटो पाहिला. मी म्हटलं, “आता आडवा धरा.”

आडवा धरताच सगळे एका ओळीत आले आणि ते मध्ये. त्यांनी पुन्हा उभा केला. पुन्हा आडवा.

“कोन हालवून राह्यलं यांले?”

“कोनीच नाही,” मी म्हटलं. “जागा पाहून आपले आपनच सरकते.”

त्यांनी फोन खाली ठेवला. मग स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथे मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, आमच्यासाठी चहा करत होती.

“मंग हिले बी बसव माह्या बाजूले. जिंदगीभर शेवटच्या पंगतीत जेवली.”

मी स्वतः बाई, आणि एकाही बाईचा फोटो लावायचं मला सुचलं नव्हतं. आता आईला आणि काकूंनाही घरी गेल्यावर बसवायचं ठरवलं. दारातच मोठीआईचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे लॅपटॉपवर तिची चौकट टाकली. बाबा आणि काका जरा जरा आक्रसले, आणि मधोमध ती दोघं आली.

मोठीआईनं पदराला हात पुसून पाहिलं. “माह्यापायी कोनी कटलं त नाही ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. “सगळे जरासे सरकलो.”

“हळदीले सकाळीच निघू,” मोठेबाबा तिला म्हणाले आणि सतरंजीवर बाजूला सरकले. मोठीआईनं आम्हाला चहा दिला. मग आत जाऊन आपलाही कप घेऊन आली आणि आमच्यासोबत बसून तिनं गरम चहा प्यायला.