वहिनींनी वाजवून घेतलेल्या पायऱ्या

आमच्या वहिनी कुठलीही वस्तू वाजवून बघितल्याशिवाय घेत नाहीत. कढई, दार, कलिंगड, काहीही. कलिंगडवाला त्यांना लांबून बघतो आणि गाडी दुसऱ्या गल्लीत वळवतो. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वयंपाकघराची फरशी बोटांच्या पेरांनी वाजवली आणि माझ्या आईला विचारलं, "ही कोणी बसवली? खाली माल नीट भरलेला नाही."

बसवली होती माझ्या वडिलांनी. महिनाभर ते सुनेशी बोलले नाहीत. मग एका रविवारी स्वतःच पहार घेऊन ती उखडली आणि तिलाच हाताशी घेऊन परत बसवली. त्या फरशीवर आज माझी नातवंडं उड्या मारतात.

वहिनींचा धंदाच तो. फरशी बसवणं बापाकडून शिकल्या. शहरातल्या निम्म्या न्हाणीघरांत राहणारी माणसं यायच्या आधी त्या जाऊन आल्या आहेत. गुडघ्यांना घट्टे, खिशात लहान हातोडी. लादीच्या चारही कोपऱ्यांवर हातोडी टेकवतात आणि कान देतात. आवाज भरीव आला तर पुढे सरकतात. नाही आला तर एकच शब्द: "पोकळ."

हा शब्द आमच्या फुटबॉल क्लबात सगळ्यांनी ऐकला आहे. क्लब काढला ओतकाम करणाऱ्यांनी आणि हमालांनी. वर्गणी भरायची ऐपत कोणाची नव्हती, म्हणून त्यांनी वर्गणी कामाची ठेवली. वर्षातून एक आठवडा मैदानाचं काम करायचं. काम पसंत पडलं की पितळी बिल्ला मिळतो. बिल्ला असलेला तो सभासद, आणि सभासद तोच मालक. खेळाडू पगारी, प्रशिक्षक पगारी, पण क्लब आमचा. डॉक्टर असला तरी त्याला फावडं चुकत नाही.

बिल्ले मी बनवतो. मी फिटर होतो. निवृत्त झालो तरी लेथ घरात आहे. आणि काम तपासतात वहिनी. एका वर्षी दादाने, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, कठड्याला रंग दिला. गंज न घासता दिला. वहिनींनी नखाने एक पापुद्रा काढून त्याच्या हातावर ठेवला. त्या हंगामात दादा तिकीट काढून मॅच बघत होता आणि शेजारी वहिनी बिल्ला लावून बसत होत्या.

"नवऱ्याला तरी सोडायचंस," दादा म्हणायचा.

"अहो, नवऱ्याला सोडलं असतं. कठड्याला कसं सोडू?"

मग समुद्रापलीकडची एक कंपनी आमचा क्लब विकत घ्यायला आली. अशा क्लबांचं तिच्याकडे दुकानच होतं. एका देशात हरली तर त्याच दिवशी दुसऱ्या देशात जिंकायची. सगळ्या क्लबांना एकाच रंगाचा शर्ट. चांगला खेळाडू इथून काढून तिथे, जसा कपाटातला सदरा वरच्या कप्प्यातून खालच्यात. कंपनीचा माणूस कोट घालून यायचा. बोलायला गोड होता, हे मान्य करायला हवं. म्हणाला, नवं छप्पर घालू, दिवे लावू, वरच्या साखळीत नेऊ. आमचं छप्पर गळत होतं. प्रेक्षकांच्या बसायच्या खालच्या पायऱ्या फुटल्या होत्या आणि तपासणीवाल्यांनी ती बाजू बंद करायची नोटीस लावली होती. त्यामुळे बऱ्याच सभासदांना त्याचं पटलं. ते वाईट नव्हते. भिजून कंटाळले होते.

विकायचं की नाही हे सभासदांनी ठरवायचं, आणि आमच्याकडे हात वर करून मत देत नाहीत. हात झोपेतही वर होतो. आमच्याकडे चालावं लागतं. सगळ्यांनी मधल्या रेषेवर उभं राहायचं. शिट्टी झाली की 'हो' म्हणणाऱ्यांनी नदीकडच्या गोलपोस्टात जायचं आणि 'नाही' म्हणणाऱ्यांनी कारखान्याकडच्या.

अंदाज असा होता की दोन्ही गोल सारखेच भरतील.

कोटवाल्याच्या वकिलाने नियम वाचले. एक आठवडा काम, काम पसंत, बिल्ला, मत. काम करणाऱ्याला पैसे कोणी द्यायचे नाहीत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायचं आमच्या पूर्वजांच्या डोक्यातच आलं नसावं. पुढच्या सोमवारी फाटकाशी ट्रक थांबला. त्यातून कंपनीच्या ठेकेदाराचे मजूर उतरले आणि फुटक्या पायऱ्या तोडायला लागले. मतदान फिरवायला पुरेशी माणसं होती.

क्लबाचा अध्यक्ष बेकरीवाला. तो पिठाच्या हातांनीच धावत माझ्याकडे आला. "लेथ बिघडला म्हणून सांग. बिल्ले बनवूच नकोस."

मी वहिनींच्या कानावर घातलं. म्हणालो, "वहिनी, लेथ बिघडू शकतो."

"बिघडला तर दुरुस्त करा, भावोजी. फिटर आहात ना?"

आठवड्याच्या शेवटी वहिनी तपासायला उतरल्या. गुडघ्यांखाली पोतं, हातात हातोडी. वरच्या रांगा भरीव वाजल्या. खालच्या रांगांना आल्या आणि थांबल्या. परत वाजवलं. "पोकळ."

ठेकेदाराचा सुपरवायझर भडकला. "वरून काही दिसतंय का? बसणारा माणूस काय खाली कान लावून बसतो?"

वहिनी त्याच्याशी बोलल्याच नाहीत. मजुरांचा मुकादम बाजूला उभा होता. पांढऱ्या मिशा, डोक्याला फडकं. त्याच्यापुढे त्यांनी हातोडी धरली. "तुम्ही वाजवा."

मुकादमाने वाजवलं. एक लादी, दुसरी, तिसरी. मग सुपरवायझरकडे वळून म्हणाला, "माल कमी दिलात तेव्हाच सांगितलं होतं." आणि आपल्या माणसांना, "काढा रे."

बेकरीवाल्याने त्या दिवशी गिऱ्हाइकांना पाव फुकट वाटले. घाई केली त्याने. मुकादमाची टोळी दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या वारी, पुन्हा आली. लाद्या उपटल्या, खालचं सगळं खरवडलं, पाणी मारलं, माल भरला. वहिनी समोरच्या कठड्याला टेकून डबा खात बघत होत्या. मुकादमाने विचारलं, "बाई, नुसत्या बघताय? हात लावा की."

"मी हात लावला तर काम माझं होईल. मला बिल्ला आहे."

तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पसंत पडलं तर बिल्ला खरंच देणार? की फाटकात काढून घेणार?"

"बिल्ला आमचे भावोजी बनवतात. काढून घ्यायचं यंत्र त्यांच्याकडे नाही."

दुसऱ्या तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसायला जागा उरली नाही. बेकरीवाला, दादा, मी, आणखी दोघे-चौघे. वहिनी ओट्याशी भाजी चिरत होत्या.

बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, उद्या फक्त एकदा 'पोकळ' म्हणा. मतदान तोंडावर आलंय. तिसऱ्यांदा बसवायला त्यांना वेळच नाही. एक शब्द, आणि क्लब वाचला."

"पोकळ असेल तर म्हणेन."

"आणि नसेल तर?"

"नसेल तर कशी म्हणू?"

"अगं, ती भाड्याची माणसं आहेत," दादा म्हणाला. "क्लब जाईल. नाव जाईल, रंग जाईल, हे मैदानसुद्धा जाईल. मग ती हातोडी घेऊन काय करशील?"

वहिनींची सुरी थांबली. "तुमचा कठडा मी नापास केला तेव्हा तुम्ही माझं ऐकलंत. का ऐकलंत? मी खोटं बोलत नाही म्हणून. उद्या एकदा खोटं बोलले की आजवरचे सगळे बिल्ले गेले. भावोजींचा, तुमचा, माझासुद्धा."

"सत्यवादी आली मोठी," बेकरीवाला पुटपुटला.

"पाव कच्चा असला तर तुम्ही विकता का?"

"नाही."

"मग भाजलेल्या पावाला कच्चा म्हणायला मला का सांगता? भाजी झाली आहे. जेवणार असाल तर बसा."

कोणी जेवलं नाही.

सकाळी त्या गुडघ्यांवर बसल्या. आम्ही फाटकाजवळ उभे होतो. हातोडी लादीवरून लादीवर जात होती. मी आयुष्यभर धातू वाजवला आहे, तरी मनातून म्हणत होतो, एक तरी पोकळ निघू दे. निघाली नाही. वहिनी उठल्या, पोतं झटकलं. "पसंत. सगळं."

बेकरीवाल्याने टोपी जमिनीवर आपटली. बाजारात वहिनींना टोमणे सुरू झाले. "काय वहिनी, कंपनीत कायम झालात का?" त्या म्हणायच्या, "अजून नाही. तुमची ओळख आहे का तिकडे?" पण घरी आल्यावर ओट्याची फरशी उगाच वाजवत बसायच्या. मी बिल्ले बनवले. कडा नेहमीसारख्याच घासून गुळगुळीत केल्या. राग आला म्हणून काम वाईट करायचं नसतं.

मतदानाच्या दिवशी मधल्या रेषेवर माणूस माणसाला खेटून उभा होता. कोटवाला बाहेरच्या रेषेशी, फोन हातात. सुपरवायझर त्याच्या शेजारी. मुकादमाची टोळी एका टोकाला, धुतलेले सदरे, छातीवर बिल्ले.

शिट्टी झाली. माणसं दोन्हीकडे फुटली. भाऊ इकडे, भाऊ तिकडे. वहिनी कारखान्याकडच्या गोलात खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. दोन्ही गोल भरत गेले आणि डोळ्यांनी फरक कळेना. रेषेवर फक्त टोळी उरली.

"चला रे, नदीकडे!" सुपरवायझर ओरडला.

मुकादमाने वाकून चपलेचा अंगठा नीट केला. नव्या पायऱ्यांकडे एकदा बघितलं. आणि कारखान्याकडे चालायला लागला. मागून अख्खी टोळी.

"अरे, मजुरी कोणाची खाल्ली?"

मुकादम चालता चालताच म्हणाला, "मजुरी पायऱ्यांची होती. बघून घ्या, एकही हलत नाही. चालायचं बोलणं झालं नव्हतं."

आमच्या गोलात जो आरडाओरडा झाला तो अजून माझ्या कानात आहे. जाळी फाटली. बेकरीवाला मुकादमाच्या गळ्यात पडला आणि त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर पीठ लागलं. दादा वहिनींना उचलायला गेला. "कंबर धरेल तुमची," त्या म्हणाल्या. पण डोळे पुसत होत्या.

मी मुकादमाला विचारलं, "असं कसं ठरवलंत?"

"ठरवायचं काय? आजवर बांधून झालं की आम्ही फाटकाबाहेर. ही पायरी बाईंनी दोनदा बसवायला लावली. तिच्यावर आता आम्ही बसणार. परक्याला कशाला देऊ?"

कोटवाला खालच्या पायरीवर बसून समुद्रापलीकडे फोन लावत होता. आम्हाला बघून उठायला लागला. वहिनी म्हणाल्या, "बसा, बसा. पक्की आहे."

तोसुद्धा हसला.

बंदीची नोटीस पायऱ्यांमुळेच उठली. छप्पर मात्र गळतच होतं. पुढच्या सोमवारी वहिनींनी सगळ्यांना शिडीखाली उभं केलं, नदीकडे गेलेल्यांनासुद्धा. मुकादम सगळ्यांत आधी वर चढला. डॉक्टर पत्रे देत होता, मी नटबोल्ट. आठवड्यात छप्पर झालं. तपासायला वहिनी स्वतः वर गेल्या, या वयात. आम्ही खालून ऐकत होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हातोडी आली. कोपऱ्यात थांबली.

"हा पत्रा खडखडतोय. कोणी बसवला?"

सगळ्यांनी बेकरीवाल्याकडे बघितलं.

"वहिनी, मी अध्यक्ष आहे," तो खालून म्हणाला.

"मग वर या. काढा."

मुकादमाने त्याच्या हातात पाना दिला आणि शिडी धरली.