रिझवाना सिस्टर आणि एका हाताची म्हैस

मी शाळेत शिकवायचे तेव्हा रिझवाना माझ्या वर्गात होती आणि गणितात ढ होती. हे मी तिच्या तोंडावर सांगते आणि तीही हसून कबूल करते. पुढे नर्सिंग शिकून ती मुंबईत चार वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात राहिली आणि मग महाडच्या एका लहानशा केमो सेंटरात आली. सहा खुर्च्या, एक फ्रीज आणि पंधरा दिवसांनी मुंबईहून येणारे डॉक्टर. बाकी सगळं रिझवाना. एकोणीस सालच्या शेवटी माझ्या स्तनात गाठ निघाली आणि मी तिच्यापुढे हात करून बसले.

"बाई, मूठ आवळा."

आवळली. इतक्या आज्ञाधारकपणे मी आयुष्यात कुणाचं ऐकलेलं नाही. भेटायला येऊन 'अरेरे' करणाऱ्या बायकांचा मला मनस्वी कंटाळा येतो. रिझवाना अरेरे करत नाही. ती शीर शोधते.

माझ्या शेजारच्या खुर्चीत जनी असायची. उमरठच्या वर डोंगरावर एक धनगरवाडी आहे, तिथली. पन्नाशीची, काटक, तोंडाची फटकळ. दोघींचाही दर एकवीस दिवसांनी डोस, एकूण सहा, त्यामुळे गाठ पडायचीच. जनीच्या शिरा काही केल्या सापडत नसत. हात कोमट पाण्यात बुडवून, टिचक्या मारून रिझवाना एखादी वर आणायची. दुसऱ्या कुणाला जनी हात लावू देत नसे.

आमचे चार डोस झाले आणि लॉकडाऊन लागला. डॉक्टर मुंबईत अडकले. ते फोनवरून डोस सांगत, आणि गावातले एक वयस्क डॉक्टर लक्ष ठेवायला येऊन बसत. सहाच्या दोन खुर्च्या झाल्या. पीपीई कीट वेळेवर आले नाहीत म्हणून रिझवाना रेनकोट घालून काम करायची, एप्रिलच्या उकाड्यात! घरी ती ओटीवर वेगळी झोपे, वेगळ्या ताटात जेवे. भाऊ मुसैब कुवेतहून ओरडायचा, "नोकरी सोड, अम्मीला आजार आणशील." ती म्हणायची, "अम्मी धडधाकट आहे रे. माझ्या पेशंटांच्या अंगात पांढऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. मी त्यांच्यापुढे खोकले तर काय होईल, त्याचा विचार कर."

पाचव्या डोसाच्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. अकरा वाजले, बारा वाजले. माझं सलाईन चालू होतं. रिझवानाच्या हातात ग्लोव्हज, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे सगळं संभाषण मला ऐकू आलं. नको म्हटलं असतं तरी मी ऐकलंच असतं.

"जनीमावशी, कुठे आहेस?"

"घरात हाय. बरी हाय मी. गाठ बी बसली. आता नाय येत."

"गाठ बसली ते औषधानं. अर्ध्यात सोडलंस तर परत उठेल. खरं कारण सांग."

खरं कारण यायला पाच मिनिटं लागली. वाडीनं रस्त्यावर झाडं आडवी टाकली होती. जो खाली महाडला जाईल त्यानं परत आल्यावर चौदा दिवस शाळेत राहायचं, असा नियम.

"मग राहा की शाळेत! एकवीसातले चौदा गेले तरी सात दिवस घरी मिळतात." ढ मुलीचा हिशेब अचूक होता. "उलट बरंच. तिथे अंगावर कुणी खोकणार नाही."

"अगो, पन म्हस?"

म्हैस माघात व्यायलेली आणि एका हाताची. जनीशिवाय कुणी खाली बसलं की पान्हा चोरायची, लाथ झाडायची. चौदा दिवस जनी शाळेत म्हणजे म्हैस आटली, आणि घरात दुधाशिवाय दुसरं उत्पन्न नाही. जीव जाईल ते पुढे बघू. म्हैस आज आटेल. मला इतका संताप आला की मी सलाईनच्या हातानं खुर्चीवर थाप मारली. "हात हलवू नका, बाई!" रिझवाना माझ्यावर ओरडली आणि फोनकडे वळली.

"रामजीकाकांना दे." रामजी म्हणजे जनीचा नवरा. "काका, तुम्ही धार काढायची."

"बसतो की गो मी. लाथ मारते ती."

"मावशीचं लुगडं नेसून बसा. न धुतलेलं. आमची नानी हजला गेली तेव्हा नाना तिची ओढणी घेऊन म्हशीखाली बसायचे. आणि हातात बांगड्या घाला. म्हशीला तो आवाज लागतो."

रामजी उसळला, "मी बांगड्या भरू? बाप्या मानूस हाय मी, शिस्टर!" आणि फोन बंद.

"झालं," मी म्हटलं, "अपमान केलास त्याचा."

"केला तर केला. मावशीचा डोस चुकतोय."

तिनं पुन्हा फोन लावला नाही, हे मला पटलं नव्हतं. ती म्हणाली, "बाई, आता त्यांना थोडा राग येऊ दे."

चौथ्या दिवशी सकाळी रामजीचा फोन आला, तो हळू आवाजात. वाडीला कळू नये म्हणून गोठ्यातूनच बोलत होता. बांगड्या त्याच्या पंजातून जाईनात, तेव्हा जनीनं त्या सुतळीत ओवून मनगटाला बांधल्या होत्या. "दोन दिस नाय दिलान. आज दिलान! तांब्याभर दिलान, शिस्टर!"

रिझवानाचा मामा जलील भाजीचा टेंपो चालवी, त्याच्याकडे पास होता. तो जनीला आडव्या झाडांपासून घेऊन आला. डोस सहा दिवस उशिरा पडला, पण पडला. मुंबईच्या डॉक्टरांनी फोनवर "चालेल" म्हटलं तेव्हा रिझवाना बाहेर जाऊन रेनकोट काढून दोन मिनिटं नुसती उभी राहिली. मी खिडकीतून पाहिलं. मीही त्या दिवशी रक्त तपासायला गेले होते. खरं सांगायचं तर निमित्त काढून गेले होते.

माझा सहावा डोस आधीच झाला होता, तरी जनीच्या सहाव्याला मी पुन्हा निमित्त काढून गेले. जनी तासभर आधीच हजर. तोंड मात्र फुगलेलं.

"काय गं, त्रास झाला?" रिझवानानं विचारलं.

"शाळंतून घरी गेली, धारेला बसली, तर मलाच लाथ मारलीन! आता त्याच्या हाताला लागली मेली. तो बी टेचात म्हनतो, तू लांब ऱ्हा."

"लुगडं?"

"माझं चांगलं लुगडं नेसतो रोज! आता लाजत बी नाय."

रिझवाना रेनकोटात गदागदा हसत होती, चष्म्यावर वाफ धरली होती. तिनं जनीचा हात कोमट पाण्यातून काढला, पुसला, टिचकी मारली.

"बरं झालं. घरी तुझ्यावाचून काही अडत नाही. मूठ आवळ."