पिन नंबर सतरा आणि खंडेनवमीचं कुंकू

"ऑपरेटरच्या हाताचा घाम!" मॅनेजर साहेबांनी निकाल देऊन टाकला. "सोमवारपासून ती बाई लाइनवर नको."

ती बाई म्हणजे कुरुळीच्या सुरेखाताई. सहा वर्षं टेस्टिंगला, आणि अजून कॉन्ट्रॅक्टवरच. लाइनवर नको म्हणजे कंपनीतच नको. मी तेव्हा चाकणच्या त्या कंपनीत इंटर्न होते. मला कुणी विचारलं नव्हतं, पण डोकं सणकलं.

आम्ही बाइकच्या इंडिकेटरचे बोर्ड बनवायचो. तयार बोर्ड जिगवर ठेवून तपासायचा. जिग म्हणजे एक साचा, त्यात स्प्रिंगच्या बारीक पिना. झाकण दाबलं की पिना बोर्डाला टेकतात आणि कॉम्प्युटर पास की फेल ते सांगतो. दसऱ्याच्या सुट्टीनंतर निम्मे बोर्ड फेल व्हायला लागले.

मग काय, मीटिंगांवर मीटिंगा. फळ्यावर कारणं लिहिली: माणूस, माल, मशीन. मशीनवर साहेबांनी स्वतः काट मारली. "जिग नवी कोरी आहे." उठून जिगकडे बघायला एकही बहाद्दर तयार नाही. एसी मीटिंगरूममध्येच होता ना!

मी फेल झालेले दहा बोर्ड उचलले आणि शेजारच्या जुन्या जिगवर लावले. दहाच्या दहा पास. नव्या जिगचे रिपोर्ट चाळले, तर प्रत्येक वेळी रड एकच. पिन नंबर सतरा.

"ताई, ही जिग उघडू का?"

"उघड की. मी कवाधरनं सांगतीया, पन आमचं कोन ऐकतंय?"

भिंग लावलं. पिन सतरा लालभडक! खंडेनवमीला जिगची पूजा झाली होती. कालवलेल्या कुंकवाचा ओघळ पिनेच्या नळीत उतरून वाळला होता. दाबलेली पिन धड वर येत नव्हती.

"ताई, पूजा कुणी केली होती?"

ताईंनी काचेच्या केबिनकडे हनुवटी उडवली. "साहेबांनीच. चांगलं बोटभर कुंकू लावलं. नारळ भाईर फोडला हेच नशीब."

पिन बदलली. बोर्ड धडाधड पास. मी रिपोर्ट लिहून केबिनमध्ये नेला. साहेबांचा चेहरा त्या पिनेसारखाच झाला.

"कुंकू असं लिहू नकोस. कस्टमर ऑडिटला रिपोर्ट बघतो. बाहेरचा कण, एवढंच लिही. तुझ्या इंटर्नशिप सर्टिफिकेटवर माझीच सही आहे, माहितीये ना?"

"लिहिते, सर. पण ताई सोमवारी लाइनवर राहतील."

साहेबांनी पंख्याकडे बघितलं. "राहू दे. पण तिला ट्रेनिंग द्यावं लागेल."

म्हणजे कुंकू लावणार साहेब आणि ट्रेनिंग घेणार ताई! संताप आला, तरी मी तो कण लिहिलाच. ट्रेनिंग साहेबांनी स्वतः दिलं, तासभर. जिगला उघड्या हाताने शिवायचं नाही, आधी ग्लोव्हज घालायचे. ताईंनी ट्रेनिंगच्या कागदावर सही केली.

पुढच्या वर्षी मी तिथेच इंजिनिअर म्हणून लागले. खंडेनवमीला साहेब कुंकवाची वाटी घेऊन जिगपाशी आले, सोबत डायरेक्टर. बोट बुडवणार, एवढ्यात सुरेखाताई आडव्या आल्या.

"साहेब, आदी ग्लोव्हज. ट्रेनिंगमदी तुमीच सांगितलंय."

डायरेक्टर म्हणाले, "व्हेरी गुड!" साहेबांनी निमूट ग्लोव्हज घातले आणि कुंकू टेबलाच्या पायाला लावलं.

आजही बोर्ड फेल झाला की मी आधी जिग बघते, मग बोर्ड. ऑपरेटरच्या हातापर्यंत जायची वेळ अजून आलेली नाही.