कोरडा राहिलेला हात

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असतं. येशूच्या आठवणीत खायच्या भाकरीच्या तुकड्यांची ताटली बाकाबाकावरून फिरते. बायकांच्या बाजूला माय बसायची, पुरुषांच्या बाजूला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बाबा. ताटली आली की बाबा ती दोन्ही हातांनी धरायचे, जरा वेळ पाहायचे आणि शेजाऱ्याकडे सरकवायचे. मी उपदेशाला पुढे उभा असायचो, मला ते दिसायचं. मायला तर दिसायचंच. ती आपला तुकडा हातात धरून ठेवायची आणि सगळ्यांचं झाल्यावर, एकटीच, तोंडात टाकायची.

आम्ही बाप्टिस्ट. आमच्यात तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस मोठा झाला, त्याला पटलं आणि तसं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवायचं आणि वर काढायचं. जुना माणूस पाण्यात राहिला, नवा वर आला, असा त्याचा अर्थ. हा बाप्तिस्मा झाल्याशिवाय आमच्याकडे प्रभुभोजन घेता येत नाही. माय जन्मापासून ख्रिस्ती घरातली. बाबा लग्नानंतर तिच्यासोबत चर्चला यायला लागले आणि मग एक रविवार चुकला नाही. प्रार्थना करायचे, गाणी म्हणायचे, पावसाळ्यात चर्चची कौलं शेकारायचे. फक्त पाण्यात उतरायचं नाव काढत नव्हते.

आणि त्यांचा मुलगा मी, बाप्टिस्ट कॉलेजात शिकवणारा. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी आहे आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बाबांनी जानेफळच्या बाजारात दुसऱ्यांची पोती उचलली म्हणून मी खुर्चीवर बसलो. पाळक व्हायला आलेल्या पोरांना उपदेश कसा करायचा, हे मी शिकवतो. त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, तुमचं बोलणं लोकांच्या डोक्यावरून गेलं, तर तो उपदेश छताला केला असं समजा. रविवारी गावच्या मंडळीत मी स्वतः उपदेश करतो. बाबांचं त्यावरचं मत ठरलेलं असतं. "बरा बोलला. लांबवलं थोडं."

एकदा उपासना सुटल्यावर मंडळीतले एक वडीलधारे मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, एवढ्या लोकायले तुम्ही पाण्यात उतरवलं. घरचा माणूस कोरडाच हाय ना पण." माणूस वाईट नाही. नियमाचा पक्का आहे आणि बोलायला सरळ आहे. पण मला ते लागलं. मी मनाशी धरलं की बाबांना अजून पटलेलंच नाही, आणि ज्याला आपल्या बापाला पटवता येत नाही त्यानं पोरांना काय शिकवायचं? मग मी कामाला लागलो. ओळीनं कित्येक रविवार मी विश्वासावरच बोललो. उदाहरणं सगळी त्यांच्या ओळखीची घेतली. बैलाची, बंधाऱ्याची, पेरून वाट पाहण्याची.

एका रविवारी घरी जेवताना बाबा म्हणाले, "आज माह्यावरच बोलून राह्यला होता ना बे तू?"

"सगळ्यांसाठी होतं, बाबा."

"हाव. मग माह्याकडेच काऊन पाह्यत होता?"

ते हात धुवून बकरीला पाला टाकायला निघून गेले. तेव्हा माय म्हणाली, "तुले खरंच मालूम नाही काय? कायले त्यायच्या मांगं लागतं? पटलं नाही असं नाही. त्यायले पाण्याचं भेव हाय."

लहानपणी गावातल्या पोरांनी त्यांना पोहणं शिकवतो म्हणून विहिरीत ढकललं होतं. नाकातोंडात पाणी गेलं, कोणीतरी केस धरून वर ओढलं. त्या दिवसापासून ते अंघोळ करतानाही डोक्यावर तांब्या ओतत नव्हते. ओल्या हातानं तोंड पुसायचे. मी त्याच घरात वाढलो आणि त्यांच्या अंघोळीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. शिंपडणाऱ्या मंडळीत लग्न झालं असतं, तर माणूस केव्हाच ताटलीतला तुकडा खाऊन मोकळा झाला असता. बाप्टिस्ट बायको मिळाली आणि अडला.

आता प्रश्न माझ्यावर आला. बुडवण्याबद्दल मी वर्गात तासभर बोलतो आणि त्यात सूट देत नाही. पण आता समोर बाप होता. मी रात्रंदिवस विचार केला आणि शेवटी म्हणालो, "बाबा, मी वडीलधाऱ्यांशी बोलतो. तुमच्या वयाकडे पाहून डोक्यावर पाणी ओतू. नुसतं ओंजळभर."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. ते तर चिडलेच.

"सगळ्यायले बुडवलं अन् मले शिंपडता? म्या काय मिरचीचं रोप हाय?"

"मग कसं करायचं?"

"कसं म्हंजे? बुडीन. पण मले जरा वक्त लागीन."

दुसऱ्या दिवसापासून बाबांची तयारी सुरू झाली. मी उपदेशाच्या वर्गात पोरांना रिकाम्या बाकांसमोर बोलायला लावतो. बाबांनी अंघोळीची बादली घेतली. आधी हनुवटी. मग ओठ. नाकाशी आलं की डोकं झटक्यात वर, आणि मग मायची बोलणी. "अंगणात पूर आणला या माणसानं! बादलीले भेता, मले नाही भेत काय?" मी सुट्टीला आलो की त्यांना मागे झुकवून मानेखाली हात धरायचो. मान दगडासारखी घट्ट असायची. हळूहळू ती जड व्हायला लागली. मान जड झाली म्हणजे त्यांनी ती माझ्या हातावर सोडली, हे मला तेव्हा कळलं. विश्वासावर बोललेल्या माझ्या सगळ्या रविवारांत ही गोष्ट एकदाही आली नव्हती. पुढे मी ती वर्गात सांगितली. कोणाबद्दल आहे, हेही सांगितलं.

हिवाळा सरल्यावर बाबांनी दिवस ठरवला. मंडळीचं नेहमीचं तळं नको म्हणाले, तळ दिसत नाही. त्यांच्या बालमित्राचा भाजीचा मळा आहे आणि त्यात सिमेंटचा मोठा हौद. मित्र हिंदू, वांगी आणि मिरची पिकवणारा, आणि विहिरीत ढकलणाऱ्या पोरांतला म्होरक्या तोच. त्यानं आदल्या दिवशी हौद घासून ताजं पाणी भरलं आणि सकाळी सगळ्या मंडळीसाठी चुलीवर चहाचं पातेलं चढवलं.

बाबा हौदाच्या काठावर उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यानंच मले विहिरीत ढकललं, अन् आता याच्याच हौदात उतरा म्हणता!"

"उतर बे," मित्र म्हणाला. "खत नाही टाकलं त्यात. टाकलं असतं तं या वयात उंच झाला असता."

लोक हसले. बाबाही हसले, पण पायरी उतरताना हौदाचा काठ सोडेनात. पाणी कमरेच्या वर आलं. मी ठरलेले प्रश्न विचारले. प्रभूवर विश्वास धरता का, या प्रश्नाला ते "हाव" म्हणाले, मग ही उपासना आहे हे आठवून "होय" म्हणाले. मी एक हात मानेखाली, एक छातीवर ठेवला आणि त्यांना मागे झुकवून पाण्याखाली नेलं. वर काढलं. ते खोकले, डोळे चोळले. काठावर टाळ्या पडल्या, कोणीतरी गाणं धरलं.

आणि ते वडीलधारे म्हणाले, "सर, हात राह्यला."

गाणं थांबलं. मी खाली पाहिलं. बाबांनी माझ्या सदऱ्याची गळपट्टी मुठीत आवळली होती. सगळा माणूस पाण्याखाली गेला होता आणि उजवा हात मनगटापासून वर, कोरडा, मला धरून राहिला होता.

मला असा राग आला की काय सांगू. बाप इतक्या वर्षांचं भेव घेऊन पाण्यात उतरला आणि यांना हात दिसला. "झालं ते झालं," मी म्हणालो. "देवाला सगळा माणूस दिसतो."

"मी कुठं नाही म्हणतो?" ते वडीलधारे म्हणाले. "दिसलं ते सांगतलं. तुम्हीच शिकवता ना, पूर्ण बुडवावं म्हणून."

मायनं पदर तोंडाला लावला होता. बाबांनी आपल्या मुठीकडे पाहिलं, जसं ताटलीकडे पाहायचे तसं. मग मूठ उघडली.

"तो बराबर बोलून राह्यला," ते म्हणाले. "सगळा आलो तं हा हात काऊन मांगं ठेवू? चाल, अजून एक खेप."

"बाबा, जरुरी नाही."

"तुले नाही. मले हाय. आता असं कर. तू धर. म्या सोडतो."

काठावरून मित्र ओरडला, "डोये मीट बे! अन् तोंड बंद ठेव, ते आजवर कोणाले जमलं नाही!"

बाबांनी डोळे मिटले. दोन्ही हात अंगाशी सरळ ठेवले. मान माझ्या हातावर आली, पूर्ण जड. मी त्यांना खाली नेलं. पाण्यातून त्यांचा चेहरा मला स्वच्छ दिसला आणि तो शांत होता. दोन्ही तळवे उघडे होते. वर आले तेव्हा पहिला टॉवेल त्याच वडीलधाऱ्यांनी पुढे केला. ते स्वतः गुडघ्यापर्यंत हौदात उतरले होते.

पुढच्या पहिल्या रविवारी ताटली शेवटच्या बाकावर गेली. बाबांनी तुकडा उचलला, पण खाल्ला नाही. पलीकडे, बायकांच्या बाजूला, मायकडे पाहत राहिले. तिनं मान हलवली. दोघांनी एकदमच खाल्ला.

मी त्या दिवशी उपदेश लवकर आटोपला. तरी घरी जाताना बाबा म्हणालेच, "बरा बोलला. लांबवलं थोडं."