ताटावरचं बोलणं

ती केस अजून आठवते, आणि आठवली की घास उतरत नाही. मी चार बुकं शिकलेला माणूस. पोलिसात शिपाई म्हणून लागलो, जमादार होऊन घरी बसलो. झालं तसं लिहितो.

तीस साली सोलापुरात इंग्रजांचा लष्करी कायदा होता. तिरंगी झेंडा जवळ सापडला तरी तुरुंग. तरीही विणकरांच्या पेठेतून झेंडे निघत होते, आणि धाड घातली की हाती काही लागत नव्हतं. फौजदारांनी मला नातेपुत्याहून बोलावून घेतलं, कारण शहरात माझं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. साध्या वेशात पेठेत बिऱ्हाड करायचं, बायकोसकट. एकट्या पुरुषाला तिथं खोली कोण देणार?

बायकोला मी खरं सांगितलं नाही. "नोकरी गेली, आता हमाली," एवढंच बोललो. ती रडली नाही. म्हणाली, "जाऊ द्या की. हात हायेत न्हवं?"

शेजारी तेलुगू विणकराचं घर. तो मागावर बसायचा, त्याची बायको रहाटावर सूत गुंडाळून मागासाठी कांड्या भरायची. आमची चूल थंड दिसली तशी तिनं हिला हाक मारली, "अक्का, ये हितं. कांड्या भर, घराला हातभार लागंल." रहाट धरायलाही तिनंच शिकवलं. सूत तुटलं की ओरडायची, "अक्का, सूत हाय ते, नवऱ्याचा कान न्हवं! हळू वड."

मी चहाच्या दुकानात कान लावून बसायचो. काही लागेना. एकदा भाकरी वाढता वाढता बायको म्हणाली, "नवल बगा. मागावर लुगडी लाल काठाची, आन् शेजारीण मला हिरव्या सुताच्या कांड्या भराया देती. भरल्या की खड्ड्यात ठिवती."

घास हातातच राहिला. "कुठल्या खड्ड्यात?"

"मागाखाली पाय सोडून बसत्यात, त्या. तुमास्नी कशाला?"

रात्रीच मी फौजदारांना खबर दिली, पहाटे धाड पडली. खड्ड्यातल्या फळीखाली तीन रंगांचं कापड निघालं. पंचनामा झाला. ठाण्यात विणकराला साथीदारांची नावं विचारली, मारही दिला. त्यानं एक नाव घेतलं नाही.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. दारावर मी, गणवेशात. तिनं मला ओळखलं. एकच विचारलं, "अक्काला ठावं हुतं?"

नाही म्हणायला काय लागत होतं? पण फौजदार मागं उभे होते, आणि खबर कुणाची हे फोडायचं नाही असा दंडक. मी गप्प राहिलो. अक्काला ठाऊक होतं, असा तिनं त्याचा अर्थ लावून घेतला.

संध्याकाळी पेठेत गेलो तर बायको शेजारच्या बंद दारापुढं कालवणाची वाटी घेऊन उभी. आतून आवाज आला, "नगं अक्का. तुज्या पोलिसाला वाढ."

तिनं वळून माझा गणवेश पाहिला.

विणकराला शिक्षा झाली, मला शाबासकी. बायको भांडली नाही. फक्त ताटावरचं बोलणं तिनं बंद केलं. "आजून घ्या" म्हणायची, बस्स. माहेरचं नाही, बाजारातलं नाही.

गेल्या साली ती गेली. डॉक्टर म्हणाले, दुखणं फार जुनं होतं, आधी का आणलं नाहीत? गल्लीतल्या बायकांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

नोकरीत मी भल्याभल्यांना बोलतं केलं. या केसनं शिकवलं ते एवढंच, की घरात विश्वासानं निघालेला शब्द ठाण्यात नेला की तो परत घरी येत नाही. तिनं दुखणं लपवलं, त्याचा राग मला करता येत नाही. त्या दिवशी भाकरी खाता खाता मी तिचा जबाबच घेतला होता.