नर कुठी हाय?

अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एक्स-रे संगणकावर मोठा करून दाखवला, तेव्हा मला गाठ दिसणार याची जवळजवळ खात्री होती. माझ्या बोआ सापाच्या मादीने होळीच्याही आधीपासून खाणं सोडलं होतं आणि तरी ती जाड होत चालली होती. दिवसभर पेटीच्या गरम कोपऱ्यात पडून राहायची, कधी पोट अर्धं वर करून. पण पडद्यावर तिच्या लांबलचक कण्याखाली दुसरेच बारीक कणे दिसत होते, गुंडाळलेले, एकमेकांत अडकलेले.

"पिल्लं आहेत," डॉक्टर म्हणाले. "नरासोबत कधी सोडली होती?"

"कधीच नाही."

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, मी काही वनखात्याचा माणूस नाही. मला खरं सांगायला हरकत नाही."

"खरंच सांगते. आमच्या घरात हा एकच साप आहे."

त्यांनी सोबत आलेल्या माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. पेटीवर चादर टाकून आम्ही गाडीत ठेवली आणि मलकापूरला निघालो. नांदुऱ्याजवळ नवऱ्याने गाडी हळू केली. मग म्हणाला, "माह्या बाबाले काय सांगशीन?"

सापांशी माझा संबंध सोनाळ्याचा, माहेरचा. सातपुड्याच्या पायथ्याशी शेत असलं की साप निघतातच. वडिलांनी मारायचं नाही, वाट द्यायची, एवढं शिकवलं होतं. आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं गुन्हा आहे आणि तो मी कधी ठेवलाही नाही. बोआ मात्र परदेशी. सरकारी पोर्टलवर नोंद करून तो पाळता येतो. पाळणारे लोक निवडून जोड्या लावतात आणि वेगवेगळ्या रंगांचे बोआ तयार करतात. त्या रंगांना ते मॉर्फ म्हणतात. माझी मादी दिसायला साधीच, तपकिरी, शेपटीकडे विटकरी होत जाणारी. पण तिचा बाप पिवळा-केशरी, लाल डोळ्यांचा होता. पुण्याच्या ज्या माणसाकडून ती घेतली तो म्हणाला होता, "रंग हिच्या पोटात लपलेला आहे. तसाच रंग लपलेला किंवा दिसणारा नर आणा, काही पिल्लं केशरी निघतील." पुढेमागे नोंद असलेला नर घ्यायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. घेतला नव्हता.

आमचं घर बाजारात आहे. खाली माझं मेडिकल आणि शेजारी नवऱ्याचं कपाशीच्या बियाण्याचं दुकान, वर आम्ही. सासऱ्यांनी जन्मभर कापसाची अडत केली. गाडी आली की ते वरचा कापूस बघायचेच नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, तळचा मूठभर काढायचे, चुरगाळून कानाशी न्यायचे. पाणी मारलेला कापूस आवाजावरून कळतो म्हणत. अडत बंद केली तरी हात आत घालायची सवय गेली नाही. सोफ्यावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"पिल्लं होणार हायेत तिले, मामाजी."

"मंग नर कुठी हाय?"

"नर नाही जी आपल्या घरात."

"नर नाही, न् पिल्लं होऊन राह्यले. मले येडा समजून राह्यली का तू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवायला वर आले, तर ते वॉशिंग मशीनच्या मागे बॅटरी मारत होते. हातात काठी. गव्हाच्या कोठीचं झाकण उघडं, माळ्यावरच्या गाद्या खाली काढलेल्या, बंद पडलेल्या कूलरची जाळी काढून भिंतीला टेकवलेली.

"काय शोधून राह्यले?"

"उंदीर."

बोआच्या खाण्यासाठी मी वर एक छोटा फ्रीझर ठेवला आहे. त्यात उंदरांशिवाय काही नसतं. तोही त्यांनी उघडून पाहिलेला होता. झाकण नीट लागलं नव्हतं.

मला त्यांचा राग आला, पण त्यांच्यासारखाच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. मी पुण्याला फोन केला.

"तुम्ही ही मादी नरासोबत ठेवली होती का? खरं सांगा, मी भांडणार नाही."

"मॅडम, ती माझ्याकडे पिल्लू असल्यापासून एकटी होती. तुमच्याकडे आली तेव्हा वयातही आली नव्हती." मग त्याचा आवाज बदलला. "तुम्ही कुणाचा नर लावलाय का? नाही, लावा, तुमचा साप आहे. पण मग पिल्लांवर माझं नाव घालू नका."

म्हणजे त्यालाही वाटत होतं की मी लपवते आहे. फोन ठेवला तेव्हा मला स्वतःचंच सगळं बोलणं खोटं वाटायला लागलं होतं.

मे महिन्यातल्या एका दुपारी पिल्लं झाली. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं, बाजारात कुत्रंही नव्हतं. मी वर सापाच्या खोलीत गेले तर पेटीत ओला चिकट वास आणि मादी काचेला अंग घासत फिरत होती. बोआ अंडी घालत नाही, पिल्लं देतो. पातळ पिशवीत गुंडाळलेलं एकेक पिल्लू बाहेर येतं आणि नाकाने पिशवी फाडतं. आधी नुसतेच पिवळट, मेणासारखे गोळे आले, न फळलेले. एकामागून एक. मला वाटलं सगळीच वाया गेली. मग एक पिशवी हलली. त्यातून बोटाएवढ्या जाडीचं तपकिरी पिल्लू निघालं, आईसारखंच. त्याने डोकं वर काढलं, जीभ बाहेर काढली आणि मी नकळत हात जोडले.

सासरे दारात उभे होते. पेटी उघडी असताना त्या खोलीचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही, तेव्हाही नाही. नवरा त्यांच्या मागे.

तिसरं पिल्लू पिवळं निघालं. हळदीच्या दुधासारखं अंग, त्यावर केशरी पट्टे, डोळे लाल. पाठोपाठ तसंच आणखी एक. शेवटी पाच जगली, त्यांतली दोन पिवळी.

"बाप पिवळा असंन," सासरे म्हणाले.

मी पेटी पुसता पुसता थांबले. नवऱ्याचा जळगावचा एक मित्र बोआ पाळतो. त्याच्याकडे केशरी नर आहे. मागच्या वर्षी नवरा मला म्हणाला होता, "त्याचा नर आणू का काही दिवस? फुकटात काम होईन." त्या नराची नोंद झालेली नव्हती म्हणून मी नाही म्हटलं होतं. आणि या थंडीत भावाच्या लग्नाला मी सोनाळ्याला गेले होते, चांगली आठवडाभर. मनात उलटे महिने मोजले. बरोबर बसत होते.

मी वळून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर खाली केली. मला तेवढंच पुरलं.

रात्रीपर्यंत थांबायचाही धीर नव्हता. स्वयंपाकघरात चहा टाकता टाकता विचारलं, "मी लग्नाले गेली तवा तुमचा दोस्त आला होता का घरी?"

"आला होता. जेवून गेला."

"एकटाच?"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग त्याचा चेहरा असा काही झाला की मी गॅसकडे बघायला लागले. "तुले वाटते मी तुह्या मागं त्याचा साप आणला? तू नाही म्हणल्यावर?"

"मंग आता खाली काऊन पाह्यलं?"

"ते पोट फाडून निघाल्यासारखं दिसत होतं वं सारं! मले चक्कर येऊन राह्यली होती."

हे खरं असू शकत होतं. त्याला रक्त बघवत नाही. पण असू शकतं आणि आहे यांत फरक असतो, आणि त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्या फरकातच राहिलो. बोलणं होतं, पण भाजी काय, वीज कधी येणार, एवढंच.

गावात बातमी आमच्या आधी फिरली. एका सकाळी दोन माणसं मोटारसायकलवर आली. औषध घ्यायला आल्यासारखी काउंटरवर रेलली. एकाने आवाज खाली आणून विचारलं, "दुतोंड्या हाय म्हणते तुमच्याकडं. वजनदार."

मांडुळाची गोष्ट इकडे सगळ्यांना माहीत आहे. दोन तोंडांचा साप म्हणून त्याला पकडतात, गुप्तधनाच्या नादी लागलेल्यांना विकतात, आणि दोघंही तुरुंगात जातात. मी काही बोलायच्या आत सासरे बाहेरच्या खुर्चीतून उठून आले.

"कोणी सांगलं तुमाले?"

"लोकं म्हणतात."

"कोणते लोकं? बाप कोण तुहा? गाव कोणतं?" ते त्याला कापसाच्या गाडीसारखे आतून तपासत होते. "उभा राह्य. त्या कॅमेऱ्याकडं पाह्य जरा. मले तुहं तोंड नीट पाह्यजे."

दोघं निघून गेले. सासऱ्यांनी गाडीचा नंबर मोठ्याने म्हणत मला ऐकवला आणि म्हणाले, "आता वनखात्याले तूच फोन कर. दुसऱ्यानं कराच्या आधी."

पिल्लांची माहिती पोर्टलवर मी भरलेलीच होती. तरी फोन केला. दोन दिवसांनी एक अधिकारी आणि त्यांच्यासोबत एक वनरक्षक आले. अधिकाऱ्यांनी कागद पाहिले, मादीची नोंद जुळवली, पिल्लांचे फोटो काढले. मांडूळ नाही हे त्यांना पहिल्या नजरेतच कळलं. मग पेन बंद करून त्यांनी विचारलं, "नराची नोंद दाखवा."

"नर नाही साहेब."

"असं कसं होईल?"

मी मोबाइलवर वाचलेलं सांगू लागले, की क्वचित असं घडतं, मादी एकटीच पिल्लं देते. त्यांच्या चेहऱ्यावर तीच शंका, जी मी महिनाभर सगळीकडे बघत होते. वनरक्षक पलंगाखाली वाकला.

"तिथं नाही," सासरे म्हणाले. "साहेब, मी ह्या पोरीवर एक पैशाचा इस्वास नाही ठेवला. सारं घर पालथं घातलं. कोठी पाह्यली, माळा पाह्यला, गच्चीवरची टाकी रिकामी करून पाह्यली. तिच्या फ्रीजमंधी हात घातला. नर नाही घरात."

गच्चीवरच्या टाकीचं मला माहीत नव्हतं. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं ते का, हे तेव्हा कळलं.

अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं लिहिलं नव्हतं.

पुढे पिल्लांनी पहिली कात टाकली आणि डॉक्टरांनी त्यांची तपासणी केली. पाचही माद्या; बाप असता तर त्यांत एखादा तरी नर निघायला हवा होता, असं ते म्हणाले. त्यावर पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. आईची आणि पिल्लांची कात त्यांनी ओळखीच्या एका प्रयोगशाळेत पाठवली. पावसाळा सरता सरता उत्तर आलं. पिल्लांमध्ये जे काही होतं ते सगळं आईचंच होतं, दुसऱ्या कुणाचा अंशही नाही. आईचं प्रत्येक अंडं नराच्या बीजाऐवजी तिच्याच दुसऱ्या अर्ध्या पेशीशी जुळलं होतं. जिथे लपलेला रंग दोन्हीकडून आला, तिथे पिल्लू पिवळं झालं.

मी ते सासऱ्यांना सोपं करून सांगितलं. त्यांनी हातातली सुपारी कातरून संपवली.

"म्हणजे लबाडी कोणीच नाही केली?"

"नाही जी."

"कोणीच नाही?" त्यांना ते पटत नव्हतं. एवढ्या मोठ्या प्रकरणात एकही लबाड नाही म्हणजे काहीतरी पाहायचं राहिलं, असा त्यांचा चेहरा होता.

नवऱ्याने दुकानात गिऱ्हाईक असतानाच माझ्या मोबाइलवर ते वाचलं. परत देताना म्हणाला, "माह्या दोस्ताले फोन लाव. पिल्लांचं ऐकून तीनदा फोन केला त्यानं, तू उचलला नाही." मी लावला. काय बोलू ते सुचेना म्हणून म्हटलं, पिल्लं बघायला या.

तो रविवारी आला. हात साबणाने धुऊन त्याने एक पिवळं पिल्लू तळहातावर घेतलं आणि ते मनगटाला वेढे घालेपर्यंत हललाही नाही. नवरा त्याच्या शेजारी बसला होता, डोळे उघडे ठेवून. सासरे दारातून पिल्लाकडे नाही, त्याच्या पाठीवरच्या बॅगेकडे बघत होते. तो जायला निघाला तशी त्यांनी वाट अडवली.

"थैलीत काय हाय?"

मित्राने माझ्याकडे पाहिलं. त्याने चेन उघडली. आत केळीच्या वेफर्सचा मोठा पुडा होता, आमच्यासाठीच आणलेला, द्यायचा राहून गेला होता.

"घ्या काका."

सासऱ्यांनी पुडा घेतला, उलटसुलट केला, फोडला आणि त्याच्यासमोर धरला. "पह्यले तू खाय."

त्याने एक वेफर खाल्ला. मग सासऱ्यांनी एक उचलला.